आष्टीकडची चाल

देवाची स्तुती हा ख्रिस्ती घराचा पाया आहे. हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या व्यासपीठांवरून ऐकले आहे की ते खोटे असण्याची शक्यता कमी. आमच्या घराचा दुसरा पाया, म्हणजे दगड-सिमेंटचा, हिंगणघाटच्या काळ्या मातीत आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि तिच्यावर बांधलेले घर दोन-तीन वर्षांत आपल्या मताप्रमाणे करून घेते. आमचे घर जोडघर आहे. मधल्या भिंतीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे शेजारचे भाऊ आणि वहिनी. ही भिंत संक्रांतीनंतर चिरायला लागते. मे महिन्यात भेगेत पोस्टकार्ड टाकता येईल. जुलैत माती फुगली की भेग आपोआप मिटते, आणि भिंतीकडे पाहून इथे काही झाले होते असे वाटत नाही.

भेग बुजवण्याबद्दल भाऊंचे आणि माझे सत्तावीस वर्षे एकमत आहे. त्यामुळे ती बुजलेली नाही.

त्या भेगेतून इकडचे तिकडे आणि तिकडचे इकडे सगळे ऐकू येते. भाऊ जिनिंगमध्ये काट्यावर होते, कापसाच्या गाड्या तोलण्यात जन्म गेला. त्यांचा खोकला अजून कापसाचा आहे. वहिनी शाळेत शिकवत असत, आणि निवृत्त झाल्यावरही त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजल्या आहेत. आमच्याकडून त्यांना काय ऐकू जात असेल याचा मी कधी विचार केला नव्हता. माझी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. तिथे दुसऱ्यांचा आवाज होऊ नये एवढेच बघायचे असते.

आमच्याकडून ऐकू जात असे ते मुख्यतः माझ्या बायकोचे. ती सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. सगळे गाव तिला सिस्टर म्हणे, भाऊ आणि वहिनीसुद्धा. तिला देवाची स्तुती करायला विषय कमी पडत नसत. एसटीत खिडकी मिळाली, स्तुती. वांग्यात अळी निघाली नाही, स्तुती. अळी निघाली तर वेळेवर दिसली म्हणून स्तुती. मी या विषयावर जाडजूड पुस्तके वाचली आहेत. विद्वानांनी स्तुतीचे प्रकार पाडले आहेत, पायऱ्या सांगितल्या आहेत. वांग्याचा उल्लेख कुठे नाही.

"सिलिंडर आलं," ती दारातून सांगे. "देवाची स्तुती असो."

"एजन्सीवाल्यानं आणलं."

"त्याले कोनं धाडलं?"

"मी. तीनदा फोन केला."

"मंग तुमचीबी स्तुती असो. आता ते आत ठेवा."

रोज संध्याकाळी सात वाजता आमचे एक गीत होई. पाच कडव्यांचे, दिवसभरात मिळालेल्या कृपा मोजणारे. शब्द मंडळीच्या गायनाच्या पुस्तकातले होते. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ते एका जुन्या परदेशी चालीवर म्हणत. ती चाल बूट घालून चालल्यासारखी होती. आमच्या घरची चाल वेगळी होती. ती माझ्या सासऱ्यांची. ते आष्टीकडच्या खेड्यांत सायकलवर फिरून सुवार्ता सांगत, बाजाराच्या दिवशी झाडाखाली बसून खंजिरीवर गात. ही चाल आपल्याला पहाटे एका शेताच्या बांधावर प्रार्थना करताना मिळाली, असे ते सांगत. सांगताना डोळे मिटून घेत. माणसाने डोळे मिटले की मला शंका येते, पण सासरे होते. चाल मात्र खरोखर चांगली होती. पहिल्या ओळीत हळूच वर चढायची, दुसरीत झोका घ्यायची आणि तिसरीच्या शेवटी कोणाला तरी टोमणा मारावा तशी चटकन खाली यायची.

मला ही चाल कधीच म्हणावी लागली नाही. मी मिशनच्या बोर्डिंगात वाढलो. तिथे चार सुरांत गायला शिकवत, आणि मला बेसमध्ये घातले होते, म्हणजे खालच्या सुरात. आवाजामुळे नाही, उंचीमुळे. बेसवाले मागच्या ओळीत उभे राहत. मुख्य चाल पुढच्या ओळीतली मुले म्हणत. आम्ही तिच्याखाली उभे राहायचो. लग्नानंतर पहिल्याच संध्याकाळी बायकोने वडिलांची चाल सुरू केली, तेव्हा मी सवयीने तिच्याखाली एक सूर शोधला आणि तिथेच राहिलो. चाळीस वर्षे राहिलो.

ती दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेली. रविवारची उपासना झाली होती, जेवण झाले होते, आणि ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. सोलता सोलता मान टाकली. दवाखान्यात तिने जन्मभर लोकांना वेळ दिला, स्वतःसाठी अर्धा तासही घेतला नाही. जाताना मला काही सांगून गेली नाही. गीत सोडू नका, असे म्हणाली असती तर सोपे झाले असते. निदान शब्द मोडायला तरी एक शब्द असता. उरलेल्या शेंगा वहिनींनी सोलल्या. घरात माणसे भरली होती, आणि त्या कोपऱ्यात बसून शेंगा सोलत होत्या. नंतर म्हणाल्या, दुसरं काय करावं समजत नव्हतं.

मुलगी आठवडाभर राहून पुण्याला गेली. त्या संध्याकाळी सात वाजता मी नेहमीच्या खुर्चीवर बसलो, आणि गीत सुरू केले.

बाहेर पडला तो बेस. पहिल्या दोन ओळी एकाच सुरावर आहेत. तिसऱ्या ओळीत सूर एक पायरी उतरतो आणि चौथीत परत येतो. वरची चाल असेल तर याला काही अर्थ आहे. नसेल तर शेजारी कोणी लोखंडी पलंग सरकवत आहे असे वाटते. मी पाचही कडवी म्हटली. पाच वेळा पलंग सरकला.

चाल मला येत नव्हती असे नाही. डोक्यात ती स्पष्ट ऐकू येई, तिच्या आवाजात, तिच्या टोमण्यासकट. पण तोंड उघडले की खालचा सूर बाहेर पडे, आणि तो पडला की डोक्यातली चाल थांबे. पंधरा दिवस मी प्रयत्न केला. मग लक्षात आले की दरवेळी ती थोडी कमी परत येते. आधी तिसऱ्या ओळीचा शेवट गेला. नंतर दुसऱ्या ओळीतला झोका. मी गात होतो तसतसा तिला पुसत होतो. म्हणून मी गाणे बंद केले. उरलेली पहिली ओळ तरी राहावी.

मोबाईलमध्ये तिचे शेकडो फोटो आहेत. आवाज एकच सापडला: "येताना कोथिंबीर आनजा, आन पावती सांभाळा." मी तो बरेचदा ऐकला. त्याला चाल नाही.

मुलीला फोन केला. आईचे गीत म्हणून दाखव, म्हटले. तिने पहिली ओळ म्हटली. ती माझ्याकडेही होती. दुसऱ्या ओळीशी ती थांबली. "बाबा, नंतर करू?" म्हणाली. मी म्हणालो, करू. तेव्हापासून आम्ही हवामानावर बोलतो. पुण्यात कधी ढग येतात, कधी जातात, हे मला आता तोंडपाठ आहे.

देवळात विचारून उपयोग नव्हता. तिथे ती चाल कोणी ऐकलीच नव्हती. शिवाय आमच्याकडे नवे पाळकसाहेब आले होते. तरुण, मेहनती, आणि आवाजावर फार विश्वास असलेले. आमच्या मंडळीत पस्तीस माणसे येतात. पाळकसाहेबांनी दोन स्पीकर आणले, प्रत्येकी माणसाएवढे. त्यांना धरून सदतीस. पहिला अर्धा तास स्तुती-आराधना होते, हात वर करून. माझा उजवा खांदा वर जात नाही. पाळकसाहेबांनी एकदा प्रेमाने विचारले, काका, मनात काही अडचण आहे का? मी म्हणालो, मनात नाही, खांद्यात आहे. त्यांनी खांद्यासाठी प्रार्थना केली. माईकवर.

पण माणूस वाईट नव्हता. पस्तीसातला एक जरी आजारी पडला तरी ते सायकल काढायलाही न थांबता चालत पोचत. माझ्याकडेही येत. माझ्या मौनाचे त्यांना ओझे झाले होते.

"काका, दुःखात स्तुती केली नं, की दुःख पळून जातं," ते एकदा म्हणाले.

"कुठे?"

ते विचारात पडले. चहा संपेपर्यंत विचारात होते. मग म्हणाले, "ते माहीत नाही, काका." त्या दिवसापासून मला ते आवडायला लागले.

वर्ष भरत आले तेव्हा त्यांनी घरी उपासना ठेवायची म्हटले. स्मरणाची नको, स्तुती-संध्या करू. गल्लीत मांडव, काकूंच्या फोटोचा बॅनर. मी म्हणालो, तिला बॅनरवर चेहरा मोठा दिसतो म्हणून राग यायचा. बॅनर गेला. मांडव भाऊंच्या मोटरसायकलीच्या वाटेत येत होता, तो गेला. दोन स्पीकरांवरून आम्ही एका लहान, हातात धरायच्या स्पीकरवर आलो. एवढे सगळे त्यांनी सोडल्यावर मलाही काहीतरी देणे भाग होते.

"मग एक गीत तुम्हीच घ्या, काका. काकूंच्या आवडीचं."

"मला येत नाही."

"तोंड उघडा. देव भरेल."

मी हो म्हणालो. हे भोळेपणाने नाही. माझा हिशेब असा होता: घरात वीस-बावीस माणसे असतील, तिची खुर्ची, तिचे घर, तिचा दिवस. या दाबाखाली ती चाल कुठूनतरी वर येईल. नाही आली तर ती कायमची गेली असे समजावे, आणि सात वाजता दिवा लावून वर्तमानपत्र वाचावे. पुष्कळ चांगली माणसे असेच करतात. त्या संध्याकाळी माझे एवढेच पणाला लागले होते. दुसऱ्या कोणाला ते माहीत नव्हते. मोबाईलवरच्या निरोपात फक्त "काका गीत घेतील" असे होते, आणि पुढे तीन टाळ्यांची चित्रे.

माणसे आली. प्लास्टिकच्या खुर्च्या भरल्या. भाऊ आणि वहिनी मागे दाराशी बसले. भाऊंनी टोपी काढावी की ठेवावी हे ठरत नसल्याने ती हातात धरली होती. पाळकसाहेब मोजकेच बोलले. मग माझ्याकडे पाहून मान हलवली.

मी तोंड उघडले. देवाने बेस भरला.

पहिली ओळ झाली. शब्द सगळ्यांच्या ओळखीचे होते, पण सूर कोणालाच कळेना. पुढच्या रांगेतल्या दोन बाया देवळातल्या चालीवर धावून आल्या. पाळकसाहेबांनी त्यांच्या नव्या चालीवर टाळी धरली. मी खालीच होतो. दुसऱ्या ओळीत आम्ही तीन दिशांना गेलो, तिसऱ्या ओळीत मी थांबलो. डोक्यात पहिली ओळ शोधली. तीही नव्हती.

पाळकसाहेबांनी प्रसंग सांभाळला. सगळ्यांना येणारे एक गीत घेतले, खोली टाळ्यांनी भरली, प्रार्थना झाली, चिवडा आणि चहा झाला. जाताना सगळे माझा हात धरून म्हणाले, फार आशीर्वादित झालो. मी म्हणालो, देवाची स्तुती असो. साडेसातच्या आत घर रिकामे झाले.

भाऊ बाहेर खुर्च्या एकात एक घालत होते. वहिनी स्वयंपाकघरात कप विसळत होत्या. मी तिच्या खुर्चीवर बसलो होतो, कारण माझ्या खुर्चीवर चिवड्याचे ताट होते. नळ सुरू होता, बंद झाला, आणि मग मला ती चाल ऐकू आली.

पहिली ओळ चढली. दुसरीने झोका घेतला. तिसरीच्या शेवटी तो टोमणा, चटकन, जिथल्या तिथे. शब्द नव्हते. नुसते हुं-हुं.

मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. वहिनी कपाला कप लावून पालथे घालत होत्या. मला पाहून थांबल्या.

"वहिनी, हे काय म्हणत होता?"

"काई नाई, भाऊजी. असंच."

"ही चाल तुम्हाला येते?"

"येत काऊन नाई? सत्तावीस वर्स झाले, रोज सात वाजता भिंतीतून येते. येनार नाई तं काय."

"सगळी येते?"

वहिनींनी हात पदराला पुसले. "आता खरं सांगू का? राग मानू नका."

"नाही मानत."

"ते तुमच्याकून नाई शिकली मी. ते आमच्या माहेरचं हाय. आष्टीकडचं. कापूस वेचाले बाया जात, त्या म्हनत. माझी माय म्हने. तुमी इथं राहाले आले नं, पयल्याच दिवशी मी याह्यले म्हटलं, अवो, हे तं आपलं गानं हाय, येसूचं कधी झालं?"

बाहेरून भाऊंचा खोकला आला. "आता शब्दबी सांग त्याह्यले," ते ओरडले.

"तुमी खुर्च्या मोजा."

"शब्द काय आहेत?" मी विचारले.

वहिनी क्षणभर शाळेतल्या बाई झाल्या. विद्यार्थ्याला किती सांगावे याचा अंदाज घेतला. "नंदेच्या नावानं शिव्या हायेत," त्या म्हणाल्या. "पयल्या कडव्यात ते तूप चोरते. दुसऱ्यात भावाचे कान भरते. मंग भावजयची फनी लपवते, दुधात पानी घालते, असं असं."

"आमच्या गीताला पाच कडवी आहेत."

"याले सात हायेत. शेवटी तिले साप चावते."

मी माझ्या सासऱ्यांना डोळ्यांपुढे आणले. पहाटेचा बांध, मिटलेले डोळे. चाल प्रार्थनेत मिळाली हे खरेच असावे. बांधाच्या पलीकडे कापूस वेचणाऱ्या बाया होत्या, एवढे सांगायचे राहिले. आणि आम्ही चाळीस वर्षे, रोज संध्याकाळी, दिवसभराच्या कृपा मोजल्या त्या नणंदेच्या शिव्यांवर.

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुमच्या देवाचं गानं. मी कायले मधात बोलू? सिस्टरले सांगितलं होतं पन."

"तिला माहीत होतं?"

"दुसऱ्याच वर्षी सांगितलं. हासून हासून ओट्यावर बसली. डोयातून पानी. मंग म्हने, बाबाले नका सांगू, त्याह्यचं मन मोडन. आन तुमच्या भाऊजीले तं बिलकुल नका सांगू. ते लायब्ररीत जातीन, चार पुस्तकं काहाडतीन, आन मले गाऊ देनार नाईत."

 मेलेल्या माणसाबद्दल आता नवीन काही कळायचे नाही, हे मी वर्षभरात मान्य केले होते. पुस्तक पूर्ण झाले, परत गेले. आणि इथे वहिनींच्या ओल्या हातात तिचे एक हसणे होते, पंचवीस वर्षांचे, माझ्यापासून लपवलेले. तिसऱ्या ओळीच्या शेवटी ती रोज माझ्याकडे पाहून हसत असे. मला वाटे, आनंद आहे. आनंद होताच, कारण दुसरे होते.

"मग मी पंधरा दिवस तसा गात होतो, तेव्हा तरी सांगायचं."

"मले काय मालूम!" वहिनी म्हणाल्या. "मले वाटलं तुमच्यात सुतकात असंच म्हनत असतीन, खालच्या खाली. मी याह्यलेबी म्हटलं, चूप राहा, त्याह्यचं सुतक सुरू हाय. मंग बंद झालं तं म्हटलं, फिटलं."

भाऊ दारात आले. "एकवीस खुर्च्या," ते म्हणाले. "बावीस आनल्या होत्या." बाविसावी खुर्ची मी बसलो होतो ती निघाली, तिची, तसलीच प्लास्टिकची, कोणीतरी आत हलवली होती, आणि मी एवढा वेळ डेकोरेशनवाल्याच्या खुर्चीवर बसून दुःख करत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता मी वर्तमानपत्र उघडले होते. भिंतीतून आवाज आला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"भाऊजी, सात वाजले!"

मग चाल सुरू झाली. मी जरा वेळ ऐकत राहिलो. दुसऱ्या ओळीला खाली शिरलो. वरची चाल असली की माझा सूर पलंगासारखा ऐकू येत नाही, हे मला विसरायला झाले होते. शब्द मी म्हणत होतो, चाल त्या. पाचही कडवी झाली. तिकडे कुकरची शिट्टी झाली आणि भाऊ काहीतरी म्हणाले, त्याला वहिनींनी उत्तर दिले. मग भिंत शांत झाली.

शांत झाल्यावर घर पुन्हा तेवढेच होते. हे मी नोंदवून ठेवतो, कारण व्यासपीठावर हा भाग सांगत नाहीत. दुःख पळाले नाही. ते खुर्चीवर होते तिथेच राहिले, आणि मी त्याच्या शेजारी जेवलो. स्तुतीने माणूस बदलतो असेही मला वाटत नाही. निदान या वयात नाही. पण दिवसभरात मला जे मिळाले ते मी कमावलेले नव्हते, आणि हे कोणालातरी सांगायला हवे, एवढे मला पटते. बायकोला ते पुस्तकांशिवाय पटले होते. ती गेल्यावर कळले की तिने केलेली स्तुती हा नवरा-बायकोच्या संसाराचा निम्मा आवाज होता. मी नुसता त्याच्याखाली उभा होतो, आणि मला वाटे की मीही गातो आहे.

गीत झाल्यावर ती एक गोष्ट नाव घेऊन सांगत असे. तेही मी सुरू केले. नियम म्हणून, श्रद्धा मागून आली तर येईल.

"आज नळाला पाणी आलं," मी एका संध्याकाळी भिंतीला म्हणालो. "देवाची स्तुती असो."

"नगरपालिकेनं सोडलं, भाऊजी," भिंत म्हणाली.

 असले वाक्य मी चाळीस वर्षे बायकोला म्हटले होते. पलीकडून कसे ऐकू येते ते पहिल्यांदा समजले.

पाळकसाहेबांच्या कानावर गेले. एका संध्याकाळी सातला येऊन बसले, हातात स्पीकर नव्हता. गीत संपेपर्यंत मान खाली घालून ऐकले. मग विचारले, "काका, ही चाल कोणाची?"

"सासऱ्यांना शेतात मिळाली."

"देवानं दिली," ते म्हणाले. मी हो म्हणालो. साप मी त्यांना सांगितला नाही. एकेक माणसाचे एकेक ओझे असते.

जुलैत माती फुगली, भेग मिटली. तेव्हा वहिनी मागच्या दारात उभ्या राहून म्हणू लागल्या, मी माझ्या मागच्या दारात. मध्ये कुंपणाची तार आणि त्यांचा कढीलिंब. त्या शब्द म्हणत नाहीत. ते आमच्या घरासमोर बरे दिसत नाही, असे त्यांचे मत आहे. नुसती चाल. मुलगी गणपतीच्या सुटीत आली, दारात उभी राहून ऐकले, आणि दुसऱ्या ओळीपासून आपोआप म्हणायला लागली. मी तिच्याकडे पाहिले नाही. त्या संध्याकाळी हवामानाचा विषय निघाला नाही.

दिवाळीत भाऊबीजेला भाऊंची बहीण आली. चार दिवस राहिली. त्या चारही संध्याकाळी वहिनींनी शब्दांसकट म्हटले. माझे गीत पाच कडव्यांचे आहे. शेवटची दोन त्यांनी एकट्यांनी म्हटली.